निवांत थंड झालेलं लोखंड

लोखंडी अशनीची, म्हणजे अवकाशातून पडलेल्या लोखंडी दगडाची, एक चकती कापायची, घासून आरशासारखी गुळगुळीत करायची आणि तिच्यावर पातळ केलेलं नायट्रिक आम्ल फिरवायचं. बघता बघता कोऱ्या धातूवर नक्षी उमटायला लागते. एकमेकींना छेदणाऱ्या करड्या पट्ट्या आणि त्यांच्या कडेने चमकणाऱ्या बारीक रेघा. चकती दिव्याखाली जरा तिरकी धरली की उजळ पट्ट्या काळवंडतात, काळ्या उजळतात. हिला विडमनश्टेटन नक्षी म्हणतात, कारण व्हिएन्नाच्या आलोइस फॉन विडमनश्टेटन यांना ती १८०८ मध्ये दिसली. नेपल्समध्ये राहणाऱ्या विल्यम थॉमसन या इंग्रजाने ती चार वर्षं आधीच छापून जाहीर केली होती. नाव मात्र दुसऱ्याचं लागलं.

पट्ट्या कॅमासाइटच्या, रेघा टीनाइटच्या. दोन्ही खनिजं लोखंड आणि निकेलचीच. कॅमासाइटमध्ये निकेल साधारण ५ ते ७ टक्के, टीनाइटमध्ये २० टक्क्यांच्या पुढे. निकेल जास्त असलेला भाग आम्लाला दाद देत नाही, म्हणून टीनाइट उठून दिसतं. ग्रीकमध्ये ‘टाइनिया’ म्हणजे फीत. नाव अगदी चपखल.

पण खरी गंमत या फितीच्याही काठाला आहे. तिथे जेमतेम काही मायक्रोमीटर रुंदीची एक कड असते आणि तिच्यात लोखंड व निकेल जवळपास निम्मे-निम्मे असतात. ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली नमुना गोल फिरवला तर शेजारचं टीनाइट ढिम्म राहतं, ही कड मात्र उजळते आणि मंदावते. म्हणजे तिची आतली रचना सगळ्या दिशांनी सारखी नाही. हे टेट्राटीनाइट. वेगळं खनिज म्हणून त्याची नोंद १९८० मध्ये झाली.

टीनाइटच्या स्फटिकात लोखंडाचे आणि निकेलचे अणू कसेही मिसळलेले असतात. टेट्राटीनाइटमध्ये एक थर लोखंडाचा, त्यावर एक निकेलचा, पुन्हा लोखंडाचा, असे काटेकोर थर लागतात. ही शिस्त साधारण ३२० अंश सेल्सिअसच्या खालीच टिकते, आणि अडचण नेमकी इथे आहे. त्याहून तापलेल्या धातूत अणू हलतात, पण त्यांना शिस्त नको असते. थंड धातूत शिस्त हवी असते, पण पाय उचलत नाही. मग उरतो एकच उपाय, वाट पाहणं. लघुग्रहाचा धातूचा गाभा खडकाच्या जाड आवरणाखाली इतका सावकाश निवतो की काही अशनींच्या बाबतीत १० लाख वर्षांत जेमतेम काही अंश उतरल्याचं दिसतं.

माणसाने हे थर आधी प्रयोगशाळेत लावले, हे मला फार आवडतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ग्रनोबलमध्ये लुई नील आणि सहकाऱ्यांनी लोखंड-निकेलच्या मिश्रधातूवर न्यूट्रॉनचा मारा करून अणूंना जागचं हलवलं आणि थर बसवले. अशनींत तेच सापडलं ते नंतर.

थर लागले की चुंबकीय गुण पार बदलतो. साधं टीनाइट चुंबकत्व पटकन घेतं आणि पटकन सोडतं. टेट्राटीनाइट धरलेलं सोडत नाही. सापडलेला दगड अशनी आहे का, हे बघायला लोक त्याला चुंबक लावतात आणि त्यातली जुनी चुंबकीय नोंद, म्हणजे दगड घडताना भोवती असलेल्या चुंबकीय क्षेत्राची खूण, नकळत पुसून टाकतात (कृपया असं करू नका). टेट्राटीनाइटचे बारीक कण मात्र अशा हाताळणीला पुरून उरतात. २०१५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी चिलीतल्या इमिलाक आणि अर्जेंटिनातल्या एस्केल या अशनींमधले असे नॅनोमीटर मापाचे कण क्ष-किरणांनी तपासले. कडेपासून आत जावं तसे हे कण लहान होत जातात आणि थोडे उशिरा घडलेले असतात. त्यामुळे ओळीने वाचलं तर त्या लघुग्रहाचं चुंबकीय क्षेत्र गाभा गोठत असताना कसं टिकलं आणि शेवटी कसं विझलं, ते कळतं.

एवढा हट्टी चुंबक, तोही निओडिमियमसारख्या ‘दुर्मिळ मृदा’ मूलद्रव्यांशिवाय! मोटारी आणि पवनचक्क्या बनवणाऱ्यांना त्याचा मोह पडणारच. २०२२ मध्ये केंब्रिजच्याच दुसऱ्या एका गटाने लोखंड-निकेलमध्ये थोडा फॉस्फरस घालून मिश्रण साच्यात ओतलं आणि काही सेकंदांत टेट्राटीनाइट मिळाल्याचं जाहीर केलं. त्यातून कामाचा चुंबक होईल का, हे ठरायला आणखी काम लागेल, असं त्यांनीच सांगितलं.

पण फॉस्फरस अशनींमध्येही असतो. मग तिथली ती कड खरंच लाखो वर्षं घेऊन बनली का? कॅमासाइटच्या पट्ट्यांवरून थंड होण्याचा वेग काढताना फॉस्फरस हिशेबात धरलेला असतो, त्यामुळे त्या घड्याळाला धक्का लागत नाही. काठावरच्या काही मायक्रोमीटरांचा हिशेब मात्र पुन्हा मांडावा लागेल.