पोत्याचा दर, महिन्याचा पगार आणि हरवलेला तास: गोदामातल्या मजुरीची पार्श्वभूमी

"गोदामात कामाला मुलं पाहिजेत. पिकर, पॅकर, लोडर. दहावी पास. स्कॅनर येत असल्यास प्राधान्य. ड्युटी 12 तास, पीएफ-ईएसआय मिळेल." भिवंडीजवळच्या मानकोली नाक्यापासून पुढे पडघ्यापर्यंत या धाटणीच्या जाहिराती विजेच्या खांबांवर दिसतात आणि हल्ली व्हॉट्सअॅपवरही फिरतात. पगाराचा आकडा दिलाच तर तो महिन्याचा असतो. तासाला किती पडतात, हे कुणी लिहीत नाही आणि कामाला येणारा सहसा विचारतही नाही. परदेशातल्या गोदामांच्या जाहिराती मात्र तासाच्याच दरावर चालतात. अमेरिकेत अॅमेझॉनने नोव्हेंबर 2018 पासून तासाला किमान 15 डॉलर जाहीर केले, तेव्हा जगभर बातमी झाली ती त्या तासाच्या आकड्याची. आपल्याकडे गोदामातला तास पगारातून गायब कसा झाला, हे समजून घ्यायचं तर भिवंडीच्या आधी मुंबईच्या मशीद बंदरला जावं लागतं.

वखार, कोठार, अंबारखाना हे शब्द आपल्याकडे जुनेच. सरकारी महामंडळाचं नावही 'वखार महामंडळ' असंच आहे. गोरवाला समितीने 1954 मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याचा अहवाल दिला, त्यातून शेतमालासाठी सरकारी गोदामं उभी करण्याचा विचार पुढे आला आणि 1957 मध्ये केंद्राचं आणि तेव्हाच्या मुंबई राज्याचं, म्हणजे आजच्या महाराष्ट्राचंही वखार महामंडळ सुरू झालं. पण मुंबईत माल साठत होता तो त्याच्या कितीतरी आधीपासून. प्रिन्सेस डॉक 1880 मध्ये आणि व्हिक्टोरिया डॉक 1888 मध्ये खुला झाला. त्यामागच्या वाडीबंदर, मशीद बंदर, दाणाबंदर, दारूखाना या पट्ट्यात धान्य, कापूस, साखर, लोखंड, लाकूड असा सगळा माल उतरायचा. तो उतरवणारे लोक घाटावरून आलेले असत. सातारा, सांगली, पुण्याकडचं जुन्नर-आंबेगाव. डोक्यावर ओझं वाहतो तो माथाडी.

त्यांच्या कामाची मोजणी पोत्यावर होती. ट्रकमधून पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून चालत गोदामात न्यायचं आणि थप्पी लावायची. दर पोत्यामागे, नाहीतर टनामागे, आणि तोही मालागणिक वेगळा. दिवसभराची मजुरी टोळीत वाटून घ्यायची आणि हिशेब मुकादमाकडे. पोतं 100 किलोचं असणं ही रोजची गोष्ट होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्ये एका प्रौढ पुरुषाने 55 किलोपेक्षा जास्त ओझं वाहू नये अशी शिफारस केली. त्यासोबतच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने मान्यता दिली 2010 मध्ये. मधली त्रेचाळीस वर्षं ते जास्तीचं वजन माणसांच्या मणक्यांनी उचललं.

या कामाला सरकारी तक्त्यात 'अकुशल' म्हणतात. हा शब्द मला पटत नाही आणि तो का पटत नाही हे थप्पी बघितल्यावर कळतं. खालच्या थरात पोती आडवी-उभी अशी एकमेकांत अडकवून बसवावी लागतात. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, नाहीतर थप्पी फाकते. पोत्याचं शिवलेलं तोंड आत ठेवायचं. उंची वाढेल तशी थप्पी किंचित आतल्या बाजूला कलती ठेवायची. साखरेचं पोतं घसरतं, मिरचीचं पोतं फुगीर असतं आणि नाका-डोळ्यांना झोंबतं, सिमेंटची गोणी ओलसर जमिनीवर रचून चालत नाही. बारा-पंधरा थरांची थप्पी महिनाभर उभी राहते ती टोळीतल्या माणसाच्या हाताला हे सगळं कळतं म्हणून. पाठीवर पोतं घेताना दोन साथीदारांनी ते एका दमात उचलून द्यायचं असतं. अर्धा क्षण मागेपुढे झाला तर खाली वाकलेल्या माणसाची कंबर जाते. हे शिकवणारी शाळा नव्हती. नवा पोरगा आधी वर्ष-सहा महिने हलकी कामं करायचा आणि जुन्यांकडे बघून तयार व्हायचा.

खरी अडचण वेगळीच होती. या माणसाला मालक नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची. प्रत्येक जण म्हणणार, हा माझा कामगार नाही. मग भविष्यनिर्वाह निधी कुणी भरायचा? रजेचा पगार कुणी द्यायचा? पाय मोडला तर दवाखाना कुणाच्या खर्चाने? कामगार कायदे मालक आणि नोकर हे नातं धरून लिहिलेले आणि ते नातंच इथे सिद्ध करता येत नव्हतं. गोदीतल्या कामगारांसाठी 1948 च्या कायद्याने आणि पुढे मुंबई गोदी कामगार मंडळाने एक वाट दाखवली होती. मंडळात नोंद, पाळीनं काम, काम नसेल त्या दिवशीही थोडा आधार. पण गोदीच्या फाटकाबाहेर पडलं की ते संरक्षण संपायचं.

फाटकाबाहेरच्या या माणसांना अण्णासाहेब पाटलांनी एकत्र आणलं. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे. साठच्या दशकात बाजारा-बाजारांतून संघटना उभी राहिली, संप झाले, मोर्चे निघाले, आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1969 मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. या कायद्याची कल्पना मला आजही थक्क करते. कामगाराला मालक सापडत नाही ना, मग मंडळच मधे उभं करा. व्यापाऱ्याने मंडळात नोंदणी करायची, टोळीनेही करायची. मजुरीची रक्कम व्यापारी मंडळात भरणार आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरणार. मंडळ मजुरी कामगाराच्या हाती देणार आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी असं सगळं भागवणार. किराणा बाजार, कापड बाजार, लोखंड बाजार, भाजीपाला, मालवाहतूक अशी मंडळं झाली. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी. पोत्याचा दर तसाच राहिला, पण त्या दराच्या मागे म्हातारपणाची सोय उभी राहिली. केरळने 1978 मध्ये हमालांसाठी कायदा केला आणि महाराष्ट्रानेच 1981 मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीचा कायदा केला. पुण्यात डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत याच प्रश्नावर लढत होती. 1974 मध्ये तिने 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचं केंद्र सुरू केलं, कारण दिवसभर पोती वाहणाऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण मिळणं हाही मजुरीचाच भाग आहे.

'ज्याचा माल त्याचा हमाल' ही ट्रकवाल्यांची घोषणा आजही ऐकू येते. गाडी भरण्या-उतरवण्याचे पैसे, म्हणजे वाराई, गाडीवाल्याच्या गळ्यात मारली जाते ही त्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. मजुरी कोणी द्यायची हा प्रश्न व्यापारी, वाहतूकदार आणि हमाल यांच्यात सतत एकमेकांकडे ढकलला जात आला. कायद्याने त्याचं उत्तर दिलं होतं, पण ते ज्या बाजारात अंमलात आलं तिथेच आलं.

आणि बाजार हलला. घाऊक बाजारपेठा ऐंशी-नव्वदच्या दशकांत नवी मुंबईत तुर्भे-वाशीला गेल्या. 1989 मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि सुटं पोतं जाऊन कंटेनर आला. त्याच सुमारास मुंबई-नाशिक महामार्गाला लागून भिवंडीची शेतं बदलत होती. मुंबई महापालिकेची जकात शहरात माल शिरताना लागायची. माल शहराबाहेर ठेवला आणि लागेल तेवढाच आत आणला तर पैसा अडकत नव्हता. जो माल नाशिककडे किंवा गुजरातकडे जायचा, त्याला मुंबईत शिरायची गरजच नव्हती. ग्रामपंचायतीची हद्द, स्वस्त जमीन, रस्ता दारात. दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, गुंदवली, सोनाळे. जिथे भाताची खाचरं होती तिथे सिमेंटच्या पत्र्याचे गाळे उभे राहिले. बांधकामाचे नियम धाब्यावर बसवूनही बरेच उभे राहिले. 29 एप्रिल 2023 रोजी वळपाड्यात अशीच एक इमारत कोसळली. खाली गोदाम, वर भाड्याची बिऱ्हाडं. आठ माणसं गेली.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. भिवंडी ओस पडेल, असं तेव्हा काही जणांना वाटलं होतं. झालं उलटंच. पूर्वी राज्याबाहेरच्या विक्रीवर लागणारा केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या प्रत्येक राज्यात एकेक लहान गोदाम ठेवत. ती गरज संपल्यावर त्यांना कमी, पण प्रचंड मोठी गोदामं हवी झाली. त्यातच ऑनलाइन खरेदी वाढली. पडघा, वडपे, आमणे या बाजूला, तिकडे चाकण-तळेगावला, पनवेलकडे, दहा-बारा मीटर उंचीच्या पोलादी शेड आल्या. पोत्यांच्या थप्पीच्या जागी रॅक आले, फळीच्या जागी ट्रक लावायचा डॉक, पाठीच्या जागी पॅलेट ट्रॉली आणि उंच रॅकवर माल चढवणारा रीच ट्रक.

कामाची नावंही बदलली. माल आत घेणारा 'इनवर्ड'वाला, रॅकवर लावणारा 'पुट-अवे'वाला, ऑर्डरप्रमाणे वेचणारा पिकर, खोक्यात भरणारा पॅकर. पॅकिंगच्या टेबलांवर बायकाही मोठ्या संख्येने आल्या. माथाडीच्या टोळीत त्या सहसा नसत. लागणारं कसबही वेगळं झालं. रॅकचा पत्ता वाचता यायला हवा: गल्ली, खांब, मजला, कप्पा, सगळं इंग्रजी अक्षरं-आकड्यांत. स्कॅनरवर चुकीचा बीप आला तर पुढे काय करायचं हे कळायला हवं. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, एक्सपायरी बघायची, जड खोकं खाली आणि हलकं वर ठेवायचं. फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलणारी गाडी, चालवणाऱ्याला प्रशिक्षण आणि परवाना लागतो आणि त्याचा पगार पिकरपेक्षा बराच जास्त असतो. चेन्नईतल्या लॉजिस्टिक्स सेक्टर स्किल कौन्सिल या सरकारमान्य संस्थेने पिकर, पॅकर, फोर्कलिफ्ट चालक यांचे अभ्यासक्रमच आखले आहेत. म्हणजे हे कौशल्याचं काम आहे हे सरकारदरबारी मान्य झालं. तरीही दिवसभर पंधरा-वीस किलोमीटर चालून हजारो वस्तू वेचणारा पोरगा पगारपत्रकात बहुतेकदा 'अकुशल'च राहतो.

हरवलेला तास इथेच सापडतो, पण भलत्या जागी. तासाला किती वस्तू वेचल्या, किती खोकी भरली, मधे किती मिनिटं स्कॅनर शांत होता, हे यंत्र टिपत राहतं. कामाची मोजणी तासावर आली. पगाराची मोजणी मात्र महिन्यावरच राहिली. जुन्या टोळीत पोती जास्त वाहिली तर पैसे जास्त मिळायचे. इथे वेग वाढवला तर पुढच्या आठवड्याचं टार्गेट वाढतं.

तासाचा दर कायद्याला नवा नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यात तासाचा, दिवसाचा किंवा महिन्याचा दर ठरवता येत होता. 2019 च्या वेतन संहितेतही तीच तरतूद आहे आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. नियम आठ तासांच्या दिवसाचा, 26 दिवसांच्या महिन्याचा आणि जादा तासांना दुप्पट दराचा. 2019 मध्ये केंद्राने देशासाठी किमान पातळी धरली ती दिवसाला 178 रुपये, म्हणजे तासाला सव्वाबावीस रुपये. महाराष्ट्राचे दर त्याहून वर आहेत. ते परिमंडळाप्रमाणे, म्हणजे भागाप्रमाणे, आणि कुशल-अकुशल श्रेणीप्रमाणे बदलतात, आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी महागाईच्या निर्देशांकानुसार हलतो.

हिशेब करून बघू. समजा कुणाला महिना 13,000 ठरले. 26 दिवसांनी भागले की दिवसाचे 500, आठ तासांनी भागले की तासाचे 62 रुपये 50 पैसे. ड्युटी 12 तासांची असेल तर वरच्या चार तासांचे दुप्पट दराने 125 प्रमाणे आणखी 500 व्हायला हवेत. म्हणजे दिवसाचे हजार आणि महिन्याचे 26,000. त्याऐवजी '12 तास ड्युटी, 13,000' असा सौदा ठरला, तर तासाचे पडतात 41 रुपये 67 पैसे. कागदावर आठ तासांचा दर पाळलेला दिसतो आणि चार तास फुकट जातात. 'ओटी', म्हणजे जादा तासांचा पैसा, 'वेगळा' म्हणतात तिथेही तो सिंगल दराने की डबल दराने, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. हे विचारणं हक्काचं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि विचारायचं कुणाला, हा जुना प्रश्न नव्या कपड्यांत परत आला आहे. खोक्यावर नाव एका कंपनीचं, शेड दुसऱ्याची, गोदाम चालवणारा तिसरा, आणि पगार देणारी एजन्सी चौथीच. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मुख्य मालकाने द्यायचा, असं सांगितलं. पण मुख्य मालक कोण हे त्या पोराला माहीत असेल तर ना. मशीद बंदरच्या हमालाला मालक नव्हता. पडघ्याच्या पिकरला चार आहेत आणि चौघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

माथाडी मंडळाचं छत्र या शेडवर धरता येईल का, यावर गेली काही वर्षं रान पेटलं आहे. पॅलेट ट्रॉली ओढणारा हमाल की यंत्रचालक, हा वादाचा मुद्दा. कायद्यात दुरुस्ती करून यंत्राने होणारं काम त्यातून वगळण्याच्या हालचालींविरुद्ध डिसेंबर 2023 मध्ये माथाडींनी संप केला. दुसरीकडे माथाडीच्या नावाखाली कारखान्यांच्या फाटकांवर खंडणी मागणाऱ्या टोळ्या निपजल्या, ही उद्योजकांची तक्रारही खोटी नाही, आणि त्या टोळ्यांनी सगळ्यात जास्त नुकसान केलं ते खऱ्या माथाडीचं.

दरम्यान शिफ्ट सुटते तेव्हा फाटकावर पंच होतो आणि स्कॅनर परत जमा होतो. तो माणूस किती वाजता आला, किती वाजता गेला, जेवायला किती मिनिटं बसला, हे सगळं सेकंदासकट सर्व्हरवर असतं. महिनाअखेरीला हातात पडणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा छापलेलं असतं एवढंच: हजर दिवस 26.