मोर्स, शंभर संपर्क आणि नेट कंट्रोल : भारतातल्या हॅम रेडिओची पार्श्वभूमी

हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून केलेल्या बिनतारी संभाषणात, गोंगाट वाढला की जुने हॅम हमखास म्हणतात, परीक्षेतून मोर्स (‘डिट’ आणि ‘डा’ अशा आखूड-लांब आवाजांची लिपी) सुटला आणि शिस्तही सुटली. नवे म्हणतात, डिट-डा पाठ करून कुणी सभ्य होत नाही. दोघांचंही पूर्ण चूक नाही. पण मोर्स नेमका कुणासाठी आणि किती सुटला, हे वाद घालणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं.

आधीचा इतिहास थोडक्यात. अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने छांदिष्टांना २०० मीटर लांबीच्या आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं, कारण त्या काळी या लहरी निरुपयोगी समजल्या जात. त्याच टाकाऊ लहरींवरून १९२३ मध्ये छांदिष्टांनी अटलांटिकपलीकडे दुतर्फा संपर्क करून दाखवला आणि मग सगळ्यांना त्या हव्याशा वाटू लागल्या. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत हॅमना स्वतःचे बँड (फ्रिक्वेन्सींचे पट्टे) मिळाले. आपल्याकडे पहिला परवाना १९२१ चा, कलकत्त्याचा. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर इथले ट्रान्समीटर सरकारजमा झाले. १९४२ मध्ये मुंबईत जे गुप्त काँग्रेस रेडिओ चाललं, त्यामागेही एका छांदिष्टाचं तांत्रिक हस्तकौशल्य होतं. परवान्याआधीची पोलीस पडताळणी आणि लॉगबुकाची (संपर्कांच्या नोंदवहीची) सक्ती यांची कुरकुर करताना हे विसरलं जातं.

खरी गोष्ट सुरू होते ती हॅमसाठीच्या १९७८ च्या नियमांपासून. त्यांनी काय बोलायचं नाही हे फार स्पष्ट सांगितलं : धंदा नाही, राजकारण नाही, धर्म नाही, गाणी नाहीत, गुप्त सांकेतिक भाषा नाही, एरवी तिसऱ्याचे निरोप नाहीत. बोलताना कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं आपलं ओळखचिन्ह, द्यायचाच. म्हणजे टोपणनावाने कुणाला शिव्या घालण्याची सोयच नाही. त्याखेरीज परवान्याचे अनेक दर्जे होते. दुसऱ्या दर्जाला मोर्स मिनिटाला ५ शब्द, पहिल्याला १२. आणि एक अट अशी, जिच्याविषयी आज फारसं बोललं जात नाही. दुसऱ्या दर्जाच्या माणसाला ३० मेगाहर्ट्‌झखाली, म्हणजे दूरवर पोहोचणाऱ्या फ्रिक्वेन्सींवर, आवाजात बोलायची मुभा लगेच मिळत नसे. आधी मोर्सवर शंभर संपर्क झाल्याचा पुरावा द्यावा लागे.

या अटीचा अनेकांना जाच वाटला. माझ्या मते या सगळ्या नियमावलीतली सर्वांत शहाणी अट हीच होती. परीक्षेतला मोर्स घोकून पास होता येतं. शंभर संपर्क घोकता येत नाहीत. त्यासाठी रात्री-अपरात्री बसून ऐकावं लागतं, समोरचा संपेपर्यंत थांबावं लागतं, आपल्या सिग्नलमुळे शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचं बोलणं बुडतंय का ते पाहावं लागतं. शिवाय सेट बहुधा घरी जोडलेला : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले सुटे भाग, नाहीतर युद्धानंतर भंगारात आलेला लष्करी रिसीव्हर. तोंड उघडायच्या आधी नवा माणूस कित्येक महिने श्रोता असे आणि तेवढ्यात चार ज्येष्ठ त्याला कॉल साइनवरून ओळखू लागलेले असत. उलट बाजूही खरी आहे. ज्याच्याकडे वेळ, जागा आणि अँटेनाला गच्ची नाही, तो या दारातूनच परत गेला. आपल्याकडे हा छंद संथ वाढला, त्याचं हे एक कारण मानायला हवं.

इथे एका शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. हॅमच्या तोंडचं ‘नेट’ इंटरनेटच्या कितीतरी आधीचं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर भरणारी बैठक म्हणजे नेट, आणि ती चालवणारा तो ‘कंट्रोल’. नावावरून वाटतं की याच्याकडे काही अधिकार असतील. काहीही नसतात. फ्रिक्वेन्सी कुणाच्या मालकीची नाही, कंट्रोलला कुणाला बाहेर काढता येत नाही, आवाजही बंद करता येत नाही. तो फक्त चेक-इन (हजेरी) घेतो, यादी लिहितो, पाळी देतो आणि कुणी ‘ब्रेक’ (मला मध्ये बोलायचंय) म्हटलं की बाकीच्यांना थांबवतो. एकाच वेळी दोघे बोलले तर त्या दोघांना त्याचा पत्ता नसतो, कारण बोलताना ऐकू येत नाही. बिघाड तिसऱ्यालाच कळतो, म्हणून तिसरा माणूस लागतो. आगाऊपणा करणाऱ्यावर त्याचं एकच हत्यार : उत्तर न देणं. बाकीच्यांनीही दिलं नाही तर ते चालतं. एकाने जरी भांडायला बटण दाबलं तर नाही.

अमेरिकेत याच्याच जोडीला एक गमतीशीर रीत होती. जाणते स्वयंसेवक बँड ऐकत आणि कुणाचा सिग्नल बिघडलेला वा बँडबाहेर गेलेला दिसला की त्याला पोस्टकार्ड टाकत. सरकारी नोटीस यायच्या आधी मित्राचं पत्र. आपल्याकडे हे काम चहाच्या टपरीवर व्हायचं.

या सवयींचा उपयोग संकटात दिसला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा बाहेरगावचे हॅम सेट आणि बॅटऱ्या घेऊन पोहोचले. २००१ मध्ये भूजलाही तेच. डिसेंबर २००४ मध्ये तर हॅमची एक मोहीम पोर्ट ब्लेअरला आधीपासूनच होती. अंदमानचं व्हीयू४ (तिथल्या कॉल साइनची सुरुवात) बऱ्याच वर्षांनी ऐकू येत होतं, जगभरचे हॅम क्यूएसएल कार्डासाठी (संपर्काच्या पोचपावतीसाठी) रांगेत. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच सेटवरून माणसांच्या खुशालीचे निरोप जाऊ लागले.

त्याआधीच जिनिव्हात निर्णय झाला होता. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती काढून ती ज्या-त्या देशावर सोडली. ब्रिटनने त्याच वर्षी सोडली, अमेरिकेने २००७ मध्ये. आपल्याकडे पुढे नियम सुधारले तेव्हा जुन्या दर्जांची उतरंड मोडून ‘जनरल’ आणि ‘रिस्ट्रिक्टेड’ असे दोनच ठेवले. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही, पण ट्रान्समीटरची शक्ती कमी आणि मुभा मर्यादित. लोक वाढले ते मुख्यतः या दाराने. पाठोपाठ स्वस्त चिनी हँडसेट आले. ते विकत घ्यायला कुणी परवाना विचारत नाही असाही प्रकार सुरू झाला आणि शहरांतल्या रिपीटरवर (आलेला सिग्नल पुढे पाठवणाऱ्या यंत्रांवर) कॉल साइन नसलेले आवाज येऊ लागले. रिपीटरवरच्या आजच्या गोंगाटातला मोठा वाटा या आवाजांचा आहे, आणि त्यांनी मोर्सची काय, कसलीच परीक्षा दिलेली नाही.

जनरलला मात्र त्या सुधारणेतही मोर्स होताच, मिनिटाला ८ शब्द. म्हणजे पहिल्या दर्जापेक्षा कमी, दुसऱ्यापेक्षा जास्त. शंभर संपर्कांची अट तेवढी मागे पडली, आणि तिच्यासाठी कुणी भांडत नाही.