बर्मी आणि फिनिश : 'तुराणी' भाषाकुलाची पार्श्वभूमी

बर्मी ही म्यानमारमधल्या इरावतीच्या खोऱ्यातली भाषा आणि फिनिश ही बाल्टिक समुद्राच्या उत्तरेकडची. या दोन भाषांची तुलना आज कोणी मांडली, तर दोन अगदी भिन्न नमुने शेजारी ठेवण्यासाठीच ती मांडली असेल, असे आपण गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र या दोन भाषा एकमेकींच्या दूरच्या नातलग आहेत, असे युरोपातला एक मोठा विद्वान गंभीरपणे सांगत होता. हा विद्वान म्हणजे मॅक्स म्युलर. (लोकमान्य टिळकांच्या १८९७ च्या राजद्रोहाच्या तुरुंगवासात त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही करणारे म्हणून मराठी वाचकाला ते परिचित आहेत.) प्रशियाचे मुत्सद्दी बन्सेन यांना लिहिलेल्या आणि १८५४ मध्ये छापून आलेल्या एका प्रदीर्घ पत्रात त्यांनी 'तुराणी' नावाचे एक अवाढव्य भाषाकुल कल्पिले. त्याच्या उत्तर विभागात तुर्की, मंगोल यांच्याबरोबर फिनिश होती. दक्षिण विभागात तमिळ आणि तिच्या भगिनी, तिबेटी, थाई, मलाय यांच्या पंगतीत बर्मीही होती. बर्मीच्या उपगटाला त्यांनी ब्रह्मपुत्रेच्या 'लोहित' या नावावरून नाव दिले होते.

ही कल्पना एकाएकी निघालेली नव्हती. डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ रास्मुस रास्क १८१८ मध्ये फिनलंडला गेले, तिथून रशिया आणि इराणमार्गे १८२० मध्ये मुंबईला पोहोचले आणि इथल्या पारशी समाजाकडून त्यांनी अवेस्ता व पहलवी हस्तलिखिते मिळवली. फिनिशसारख्या भाषांचा एक 'सिथियन' वर्ग मानून त्यात दक्षिण भारतातल्या भाषाही बसतात, असे त्यांनी सुचवले होते. पुढे दक्षिण भारतातले मिशनरी कॉल्डवेल यांनी १८५६ च्या आपल्या द्राविड व्याकरणात हाच धागा उचलला. संस्कृत आणि युरोपीय भाषांचे नाते नुकतेच सिद्ध झाल्यामुळे उरलेल्या भाषांचेही असेच एखादे मोठे कूळ असले पाहिजे, ही ओढ त्या काळात फार प्रबळ होती. मला वाटते, तुराणी कुलाचा खरा उगम या ओढीतच आहे. आर्य नाही आणि सेमिटिकही नाही, एवढ्या नकारावर ते कूळ बरेचसे उभे होते.

म्युलर यांनी त्यासाठी दिलेली कसोटी शब्दांच्या साम्याची नव्हती, ती रचनेची होती. चिनीत सुटे शब्द शेजारी ठेवले जातात, आर्य भाषांत मूळ आणि प्रत्यय एकजीव होतात आणि तुराणी भाषांत मूळ अभंग ठेवून त्यापुढे प्रत्यय नुसता जोडला जातो, अशी तीन पायऱ्यांची ती मांडणी होती. या पायऱ्यांची सांगड त्यांनी समाजाच्या अवस्थांशीही घातली : चिनी कुटुंबाच्या अवस्थेतली, तुराणी भटक्या टोळ्यांची आणि आर्य व सेमिटिक राज्यसंस्था उभारणाऱ्यांची. भटक्यांची भाषा विखुरते, म्हणून तुराणी भाषांत समान शब्द फारसे न सापडणे हे स्वाभाविकच आहे, असा बचावही त्यात होता. पुराव्याचा अभाव हाच पुरावा ठरू लागला की सिद्धान्त खोटा ठरवण्याची सोयच उरत नाही.

प्रत्यक्षात ही कसोटी या दोन भाषांनाच लावून पाहिली, तर ती तिथेच ढासळते. फिनिशमध्ये 'तालो' म्हणजे घर आणि 'तालोस्सानि' म्हणजे माझ्या घरात. इथे 'स्सा' हा 'आत' या अर्थाचा आणि 'नि' हा 'माझा' या अर्थाचा प्रत्यय सहज सुटा काढता येतो. परंतु 'कॅसि' म्हणजे हात, या शब्दाचे 'हातात' होताना 'कॅदेस्सॅ' होते आणि एखादी वस्तू हातात येणे किंवा जाणे सांगायचे असेल तर 'कॅतेन'. मूळच बदलते, आपल्याकडे 'पाणी'चे 'पाण्यात' होताना बदलते तसे. बर्मीत 'एइन' म्हणजे घर. त्यापुढे 'म्हा' लावून 'घरात' होते आणि 'एइन' जसेच्या तसे राहते. तिथे अर्थाचा भार आवाजाच्या चढउतारावर असतो : खालच्या सुरात लांबवलेला 'ला' म्हणजे येणे, तर आवाज आखडून तोडलेला 'ल' म्हणजे चंद्र किंवा महिना. फिनिशमध्ये सुराला असे काम नाही, पण लांबीला आहे. 'तुलि' म्हणजे आग, 'तूलि' म्हणजे वारा आणि 'तुल्लि' म्हणजे जकात. त्यातच फिनिशच्या सर्वसाधारण वाक्यात कर्म क्रियापदानंतर येते आणि बर्मीत, मराठीप्रमाणेच, क्रियापद शेवटी.

खरे नाते ठरवण्याची रीत तोपर्यंत दुसरीकडे आकार घेत होती. रोजच्या वापरातले, सहसा उसने न घेतले जाणारे शब्द घ्यायचे आणि त्यांच्या ध्वनींतला फरक नियमाने होतो का, हे पाहायचे. फिनिश 'काला' आणि हंगेरियन 'हाल' म्हणजे मासा; फिनिश 'कोल्मे' आणि हंगेरियन 'हारोम' म्हणजे तीन. फिनिश 'क'च्या जागी हंगेरियनमध्ये 'ह' येतो, तो असा पुन्हा पुन्हा येतो. बर्मीच्या बाबतीत जर्मन अभ्यासक क्लाप्रोट यांनी १८२३ मध्येच तिबेटी, चिनी आणि बर्मी यांच्या मूलभूत शब्दांतले साम्य टिपले होते. थाई आणि म्यानमारमधलीच मोन या भाषा त्यात बसत नाहीत, हेही त्यांनी ओळखले होते.

हा पुरावा दोन्हीकडे वेगवेगळ्या ठिकाणी सापडला, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. बर्मीचा पुरावा तिच्या लेखनात होता. म्यानमारची जुनी राजधानी पगान, तिच्याजवळच्या म्याझेदी येथील, इ.स. १११३ च्या सुमाराच्या शिलालेखात एकच मजकूर पाली, प्यू (तिथलीच एक आता लुप्त झालेली भाषा), मोन आणि बर्मी अशा चार भाषांत कोरलेला आहे, आणि बर्मीचे शुद्धलेखन पुढेही जुन्या उच्चारांना धरून राहिले. 'डोळा' हा शब्द आज 'म्येत्'सारखा उच्चारला जातो, पण लिहिला जातो 'म्यक्', आणि त्यामुळे तिबेटी 'मिग्'शी त्याचे नाते उघड होते. यांगून शहराचे नावही लेखनात 'र'नेच सुरू होते; इंग्रजांच्या 'रंगून'मध्ये आणि आराकानच्या बोलीत तो 'र' टिकून आहे. फिनिशला असे जुने लेखन नाही. फिनलंडचे धर्मसुधारक मिकाएल आग्रिकोला यांचे बाराखडीचे पुस्तक १५४३ चे, नव्या कराराचे भाषांतर १५४८ चे. त्यामुळे तिचे प्राचीन रूप शोधायचे तर जिवंत भगिनींकडे जावे लागले, आणि त्यासाठी फिनलंडचे भाषाशास्त्रज्ञ कास्त्रेन यांनी १८४० च्या दशकात सायबेरियातली वर्षानुवर्षांची खडतर पायपीट केली. १८५१ मध्ये ते हेलसिंकी विद्यापीठात फिनिशचे पहिले प्राध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी वारले. १८८३ मध्ये हेलसिंकीत स्थापन झालेल्या फिनो-उग्रियन सोसायटीने हे काम पुढे नेले.

उसन्या शब्दांनी नाते ठरत नाही, याचा धडाही याच दोन भाषा देतात. फिनिशमध्ये शंभराला 'साता' म्हणतात आणि हातोड्याला 'वासारा'. पहिल्यात 'शत' आणि दुसऱ्यात 'वज्र' ओळखू येते, कारण हे शब्द हजारो वर्षांपूर्वी इंडो-इराणी भाषकांशी आलेल्या संपर्कातून तिकडे गेले. बर्मीत विद्यापीठाला 'तेक्कथो' म्हणतात आणि ते पालीतल्या 'तक्कसिला'वरून, म्हणजे तक्षशिलेवरून, आले आहे. हा ठेवा बौद्ध ग्रंथांचा. दोन्हीकडे भारताशी जोडलेले शब्द आहेत, पण त्यांवरून ना त्या भारतीय भाषांच्या नातलग ठरतात, ना एकमेकींच्या.

सिद्धान्त मागे पडला तरी त्याचे परिणाम लगेच पुसले गेले नाहीत. भाषेवरून वंश ठरवण्याच्या त्या काळातल्या सवयीमुळे फिनिश लोक 'मंगोल' ठरवले गेले, आणि १९०८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात काही फिनिश स्थलांतरितांच्या नागरिकत्वाला सरकारी वकिलाने याच मुद्द्यावर हरकत घेतली, कारण तेव्हाच्या कायद्याने आशियाई वंशाच्या माणसाला नागरिकत्व मिळत नव्हते. न्यायाधीशांनी निकाल फिनिश लोकांच्या बाजूने दिला, पण त्यांच्यावर आपला वंश न्यायालयात सिद्ध करण्याची पाळी आलीच.

तुराणी कुलाचा उत्तर विभाग 'उरल-अल्ताई' या नावाने विसाव्या शतकातही काही काळ टिकला. नंतर त्यातले उरली कूळ वेगळे झाले आणि फिनिश आज त्यात निर्विवादपणे आहे. दक्षिण विभागाची शकले होऊन त्यातून तिबेटो-बर्मी हे नाव उरले. हा गट चिनीच्या बरोबरीची स्वतंत्र शाखा आहे, की चिनी हीदेखील त्याच झाडाची एक फांदी आहे, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. त्यातल्या लोलो-बर्मी उपगटातले बर्मीचे स्थान मात्र वादापलीकडचे आहे.