कनेक्ट ११५२०० : पडद्यावरचा आकडा आणि मोडेमचा खरा वेग

टेलिफोन लाइनवरून इंटरनेट घ्यायच्या, म्हणजे डायल-अपच्या काळात अनेकांच्या पडद्यावर जोडणी होताच ‘१,१५,२०० बिट प्रतिसेकंद’ असा वेग झळकायचा. मोडेम, म्हणजे संगणकाचा डेटा टेलिफोन लाइनवरून पाठवणारं यंत्र, मात्र ५६के, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५६,००० बिटचं. खोक्यावर छापलेल्या कमाल वेगाच्या दुप्पट वेग लाइनवर मिळणं शक्यच नव्हतं. हा आकडा खोटा नव्हता, फक्त टेलिफोन लाइनचा नव्हता. संगणक आणि मोडेम ज्या सिरियल पोर्टने जोडलेले असत, त्या पोर्टचा तो वेग. अशी सरमिसळ का झाली, हे समजायला १९८१पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला. संगणकाने ‘एटी’ने सुरू होणारी आज्ञा पाठवायची आणि मोडेमने शब्दांत उत्तर द्यायचं, ही पद्धत त्याने रूढ केली. जोडणी झाली की उत्तर यायचं ‘कनेक्ट’, आणि पुढे वेगवान मोडेम आले तसं ‘कनेक्ट १२००’. हे उत्तर वाचायचं होतं ते मुख्यतः सॉफ्टवेअरने. त्याचा अर्थ इतकाच, की पोर्टही आता १२००वर आण. लाइनवरून बिट ज्या वेगाने येत, त्याच वेगाने ते पोर्टमधून जात. दोन्ही वेग एकच असल्यामुळे कोणता सांगायचा, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

घोळ सुरू झाला तो डेटा आकसून पाठवण्याच्या सोयीमुळे. १९९०च्या व्ही.४२बिस मानकाने साधा मजकूर, जमलंच तर, चौपट आकसता येऊ लागला. म्हणजे १४,४०० वेगाच्या लाइनला पोर्ट ५७,६००चा हवा, आणि तोही कायम त्याच वेगावर बांधलेला. पण जुनी सॉफ्टवेअर अजूनही ‘कनेक्ट’पुढचा आकडा वाचून पोर्टचा वेग बदलत. मोडेमने प्रामाणिकपणे १४,४०० सांगितलं, की पोर्ट तिकडे उतरायचा आणि पडद्यावर कचरा उमटायचा. त्यापेक्षा पोर्टचाच वेग कळवणं सुरक्षित. अनेक मोडेममध्ये तीच मूळ मांडणी राहिली. पीसीच्या नेहमीच्या सिरियल पोर्टची कमाल मर्यादा १,१५,२००, म्हणून तोच आकडा सगळीकडे दिसू लागला.

लाइनचा वेग हवा असेल तर तो मागावा लागे. रॉकवेलची चिप असलेल्या मोडेमला विंडोजच्या जादा सेटिंगच्या रकान्यात ‘डब्ल्यू२’ दिलं, की पुढच्या जोडणीला लाइनचा आकडा येई. यूएस रोबोटिक्सच्या मोडेमला फोन ठेवल्यावर हायपरटर्मिनल या विंडोजमधल्या प्रोग्रामातून ‘एटीआय६’ विचारलं, तर नुकत्याच झालेल्या कॉलचा अख्खा हिशेब मिळे. प्रत्येक चिपची भाषा वेगळी असल्याने मोडेमसोबतची पुस्तिका टाकून देणाऱ्यांची पंचाईत व्हायची.

५६केच्या बाबतीत मात्र आकडा स्वतःच ओळख पटवतो. टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं. प्रत्येक नमुन्यातले ७ बिट वापरता आले, तर ५६,००० होतात. ५६के मोडेमच्या १९९८च्या व्ही.९० मानकात वेग ८,०००च्या सहाव्या हिश्श्याने, म्हणजे सुमारे १,३३३च्या पायऱ्यांनी चढतो-उतरतो. म्हणून ४५,३३३, ४९,३३३, ५०,६६६ असे विचित्र आकडे दिसतात. असा आकडा दिसला तर तो लाइनचाच, पोर्टचा नव्हे. पुरे ५६,००० दिसायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. अमेरिकेत तर सिग्नलच्या ताकदीवरच्या नियमामुळे ५३,३३३च्या वर जाताच येत नसे. शिवाय हा वेग फक्त उतरणाऱ्या डेटाचा. व्ही.९०मध्ये वर जाणारा डेटा जास्तीत जास्त ३३,६००.

इतकं करूनही हाती येतो तो जोडणीच्या क्षणीचा वेग. लाइनवर खरखर वाढली की दोन्ही मोडेम मधेच थांबून पुन्हा जुळवून घेतात, याला रिट्रेन म्हणतात. त्यानंतर वेग घसरला तरी पडद्यावरचा आकडा तसाच. म्हणून जाणकार आधीच आकसलेली झिप फाइल उतरवून वेळ मोजत. साधी मजकुराची फाइल घेतली तर मोडेम ती वाटेत आकसतो आणि उत्तर फुगतं. ५०,६६६ला ८ने भागलं तर सेकंदाला सुमारे ६.३ किलोबाइट येतात. डेटा ज्या छोट्या पाकिटांतून जातो त्यांच्यावरचे पत्ते आणि बाकी सोपस्कार वजा जाता साडेपाचच्या आसपास पडले, तर लाइन ठीक. तीनच पडत असतील, तर कॉलच्या हिशेबात रिट्रेन किती झाले ते पाहायचं. तिथे शून्य असेल, तर दोष बहुधा लाइनचा नाही. मग दुसऱ्या सर्व्हरवरची फाइल उतरवून पाहायची.