केमिकल इंजिनिअरिंगमध्ये संशोधनाची मास्टर्स: नागपूरहून अर्ज करणाऱ्यांसाठी

नागपुरात केमिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेली बहुतेक मुलं गेट या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की सीसीएमटी (एनआयटींसारख्या संस्थांसाठी) आणि कोॲप (आयआयटींसाठी) या सामाईक प्रवेशफेऱ्यांची वाट बघत बसतात. नेहमीच्या एमटेकसाठी ते बरोबर आहे. पण आयआयटी मद्रासची एमएस किंवा बंगळूरच्या आयआयएस्सीची एमटेक रिसर्च या फेऱ्यांमधून मिळत नाही. तिथे संस्थेच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करायचा, वेगळी फी भरायची आणि विभागाची मुलाखत द्यायची. जुलै-ऑगस्टच्या प्रवेशासाठी हे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सुटतात आणि मुदत काही आठवड्यांचीच असते. दाखल्यांची धावपळ त्याआधीच उरकलेली हवी. म्हणूनच हा लेख.

आधी हे नक्की करा की तुम्हाला ही पदवी हवी आहे का. एमटेकमध्ये विषय जास्त आणि प्रबंध शेवटी. संशोधनाच्या मास्टर्समध्ये विषय मोजके आणि बाकी सगळा वेळ एका मार्गदर्शकाखाली एका प्रश्नावर काम. साधारण दोन ते तीन वर्षं धरून चला. प्रबंध परीक्षकांकडे जातो, तोंडी परीक्षा होते, मग पदवी. काम चांगलं चाललं तर बऱ्याच ठिकाणी मधेच पीएचडीला वळता येतं. लवकर नोकरी हवी असेल तर एमटेक बरी. प्रयोग फसला तरी दुसऱ्या दिवशी परत प्रयोगशाळेत जायची ओढ असेल, तर मात्र मी ही वाट आग्रहाने सुचवेन.

पात्रता

केमिकलमधला बीई किंवा बीटेक, संस्थेने ठरवलेले किमान गुण आणि गेटचा वैध स्कोअर. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो, त्यामुळे मागच्या वर्षीचाही वापरता येतो. पेपर सहसा सीएच, म्हणजे केमिकल इंजिनिअरिंगचा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो. अंतिम निकाल ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावा लागतो. एलआयटीतून केमिकल टेक्नॉलॉजी केलेल्यांनी जाहिरातीत पात्र शाखांची यादी वाचूनच फी भरावी, कारण शाखेचं नाव प्रत्येक संस्था आपल्या पद्धतीने तपासते. व्हीएनआयटीच्या मुलांनी एक गोष्ट आवर्जून बघावी: केंद्रीय अनुदानित संस्थेतून ८ किंवा त्याहून जास्त सीजीपीए असेल तर काही ठिकाणी गेटची अट शिथिल होते. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करत असाल तर प्रायोजित किंवा बाह्य उमेदवाराचा वेगळा गट असतो. त्याला कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं आणि विद्यावेतन सहसा मिळत नाही.

नियमित उमेदवाराला सध्या महिना १२,४०० रुपये मिळतात. त्याबदल्यात आठवड्याचे काही तास लॅब सांभाळणं, उत्तरपत्रिका तपासणं अशी कामं करावी लागतात. मात्र फी, वसतिगृह आणि मेसचे पैसे प्रवेशाच्या वेळी एकरकमी भरावे लागतात, तेवढी तजवीज घरी आधी बोलून ठेवा.

दाखले: खरी अडचण इथे येते

आपल्याकडचे दाखले राज्याच्या नमुन्यात असतात आणि या संस्था केंद्राच्या आहेत. ओबीसी उमेदवाराला केंद्रीय नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं, तेही चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे १ एप्रिल किंवा त्यानंतर निघालेलं. बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला वापरलेला कागद इथे चालत नाही. अर्जाची मुदत मार्चमध्येच संपत असेल तर बऱ्याचदा हमीपत्रावर अर्ज घेतात आणि नवा दाखला मुलाखतीच्या किंवा प्रवेशाच्या वेळी मागतात.

विजा-भज (विमुक्त जाती, भटक्या जमाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे राज्याचे गट केंद्रीय संस्थांच्या अर्जात नसतातच. त्यातल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. आपल्या जातीची नोंद त्या यादीत शोधा आणि सापडली तर दाखला ओबीसी म्हणून केंद्रीय नमुन्यात काढा. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षणही राज्यापुरतंच. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढणाऱ्या शेतकरी कुटुंबांनी एक अट नीट समजून घ्यावी: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं तरी शेतजमीन ५ एकर किंवा जास्त असेल तर हा लाभ मिळत नाही. कोरडवाहू सहा एकर आणि हाती जेमतेम पैसा अशी घरं विदर्भात गावोगावी आहेत. त्यांना ही अट फार जाचते, पण नियम असा आहे.

दाखल्यांसाठीचा अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून करता येतो. मूळ जातीचा दाखला हाती नसेल तर आजोबा-पणजोबांचे पुरावे लागतात, आणि आपल्याकडे कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल मिळवण्यातच आठवडे जातात. मूळ जातीच्या दाखल्याचं हे काम डिसेंबरमध्येच सुरू करा. दाखला हाती पडला की काउंटरवरच नमुना वाचा: भारत सरकारच्या शैक्षणिक संस्थांतील प्रवेशासाठी असा उल्लेख आहे का, नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतं का.

बाकीचे कागद नेहमीचेच: दहावी-बारावीच्या आणि सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, गेट स्कोअरकार्ड, पदवी किंवा कॉलेजचं बोनाफाईड, फोटो, सही. दोन शिफारसपत्रंही अनेकदा मागतात. सरांना महिनाभर आधी सांगा आणि सोबत आपल्या प्रोजेक्टची एक पानी माहिती द्या, म्हणजे त्यांना ठोस काही लिहिता येईल.

संशोधनाचा हेतू आणि मुलाखत

‘मला जलशुद्धीकरणात रस आहे’ असं वाक्य शेकडो अर्जांत असतं. समजा तुम्हाला कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेपासून झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचा शोषक पदार्थ) करून यवतमाळकडच्या पाण्यातलं फ्लोराइड काढायचं आहे. मग प्रश्न लिहा: झिओलाइटचा सांगाडा ऋणभारित, फ्लोराइडही ऋणभारित, तर तो पृष्ठभागावर धरून ठेवायचा कसा? ॲल्युमिनियम किंवा झिर्कोनियम चढवून काय साधेल? एवढं लिहिलंत तरी वाचणारा प्राध्यापक थांबतो.

मुलाखतीत तुमच्या आवडीचे एक-दोन विषय विचारतात आणि मग त्यातच खोल नेतात. रिॲक्शन इंजिनिअरिंग म्हणालात तर सीएसटीआरचा (सतत ढवळत्या, अखंड प्रवाहाच्या रिॲक्टरचा) ऊर्जा ताळेबंद फळ्यावर मांडायला सांगतील. अभिक्रिया उष्मादायी घ्या. उष्णता निर्माण होण्याची वक्ररेषा इंग्रजी एससारखी, काढून घेण्याची रेषा सरळ. दोन्ही तीन ठिकाणी छेदू शकतात. मधली अवस्था का टिकत नाही? तिथे तापमान किंचित वाढलं की निर्माण होणारी उष्णता काढल्या जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त होते आणि रिॲक्टर वरच्या अवस्थेकडे पळतो. गेटला सूत्र पाठ असून भागतं, इथे रेषा हाताने काढून बोलावं लागतं. उत्तर अडलं तर मोठ्याने विचार करा. तुम्ही विचार कसा करता तेच ते बघत असतात.

निवड झाली की ऑफर स्वीकारण्याची मुदत थोड्या दिवसांचीच असते. ती स्वीकारली की त्याच आठवड्यात विद्यापीठाकडे मायग्रेशन आणि कॉलेजकडे टीसीसाठी अर्ज टाका, आणि मूळ कागद जमा करण्याआधी प्रत्येकाच्या साक्षांकित प्रती घरी ठेवा.