रानपिंगळा

(वन पिंगळा). स्ट्रायजिडी कुलातील, भारताबाहेर न आढळणारे लहान घुबड. लांबी सु. २३ सेंमी. माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, शेपटीवर रुंद पट्टे असतात. गावाकडच्या ठिपकेवाल्या पिंगळ्यापासून तो यावरून ओळखता येतो.

डिसेंबर १८७२ मध्ये पक्षिनमुने गोळा करणाऱ्या ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना परिसरात पहिला नमुना मिळवला. १८७३ मध्ये ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम यांनी त्यावरून हेटेरोग्लॉक्स ही नवी प्रजाती (जीनस) स्थापली. अलीकडील जनुकीय अभ्यास मात्र तो ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या अथेनी प्रजातीतच मोडतो असे दर्शवतात व तेच अधिक ग्राह्य दिसते. १८८० नंतरच्या काही वर्षांत ब्रिटिश अधिकारी व पक्षिनिरीक्षक डेव्हिडसन यांनी खानदेशात शहादे-तळोदे भागात नमुने गोळा केले. पुढे ब्रिटिश सैन्याधिकारी व पक्षिसंग्राहक मेनर्ट्‌झहागेन यांचा १९१४ चा, गुजरातमधील तापीकाठच्या मांडवीचा म्हणून दाखवलेला नमुना बराच काळ प्रमाण मानला गेला. तो डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून, कातडे उसवून नव्याने भरलेला व खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे पक्षिशास्त्रज्ञ रासमुसेन व कॉलर यांनी दाखवून दिले. ही नोंद वगळून अस्सल नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतल्यावर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ पक्षी शतकाहून अधिक काळानंतर पुन्हा दिसला.

अधिवासाबाबतही असाच बदल झाला. जुन्या पक्षिग्रंथांत ओलसर पानझडी वन आणि ओढ्याकाठची रानआंब्याची झाडी असे वर्णन होते. तोरणमाळ व मेळघाटातील अभ्यासांत मात्र तो विरळ, सागबहुल शुष्क पानझडी रानात आढळला. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात तो दिसल्याने ‘केवळ शुष्क वन’ हे मतही जसेच्या तसे टिकत नाही.

तो बव्हंशी दिनचर (दिवसा वावरणारा) आहे. हिवाळ्यात सकाळी उंच, उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. तेथूनच जमिनीवरील सरडे, सापसुरळ्या, उंदीर व कीटक टिपतो. त्यामुळे दाट झुडोऱ्यापेक्षा मोकळी जमीन त्याला सोयीची. प्रजननकाळ साधारण ऑक्टोबर ते मे. त्या काळात ढोली असलेले जुने झाड हीच मोठी गरज असते. वाळकी, पोकळ झाडे तोडली जाणे म्हणूनच घातक. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो तेव्हा दुपारी सावलीचा आसरा घेतो. पावसाळ्यात पानांआड तो क्वचितच नजरेस पडतो.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो २०१८ पासून ‘संकटग्रस्त’ आहे. त्यापूर्वी ‘अतिसंकटग्रस्त’ होता.