आकाशातून पडलेल्या लोखंडाचे सुरे

ऑगस्ट १८१८. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन रॉसची ‘इसाबेला’ आणि ‘अलेक्झांडर’ ही दोन ब्रिटिश जहाजं वायव्य ग्रीनलंडच्या किनाऱ्याजवळ बर्फात अडकली होती. एवढ्यात कुत्र्यांच्या गाड्या हाकत काही माणसं दूरवर येऊन थबकली. हे इनुघुइत, म्हणजे जगात सर्वांत उत्तरेला राहणारे इनुइट. दक्षिण ग्रीनलंडमध्ये डॅनिश मिशनरी आणि व्यापारी शंभरेक वर्षांपासून ठाण मांडून होते, पण या लोकांना त्यांच्यापैकी कुणी भेटल्याची नोंद नव्हती.

त्यांच्याशी बोलायला पुढे गेला तो जॉन सॅक्यूस. हा स्वतः ग्रीनलंडचा इनुइट. १८१६ साली देवमाशांच्या शिकारीसाठी आलेल्या एका जहाजात लपून तो स्कॉटलंडला पोहोचला आणि एडिंबरात अलेक्झांडर नॅस्मिथ या चित्रकाराकडे चित्रकला शिकला. बोली वेगळी असल्याने आधी गाडी अडली, मग हळूहळू सूर जुळला. ही अजस्र जनावरं सूर्यावरून आली की चंद्रावरून, असं इनुघुइतांनी जहाजांबद्दल विचारलं. ही लाकडाची घरं आहेत, हे काही त्यांना पटेना. पंख हलताना त्यांनी स्वतः पाहिले होते! शिडं कधीच न पाहिलेल्या माणसाचा हा निष्कर्ष मला तरी अगदी तर्कशुद्ध वाटतो.

भेटीगाठी झाल्यावर चक्रावून जायची पाळी ब्रिटिशांवर आली. या लोकांकडे सुरे होते. हाडाच्या मुठीला लांब खाच पाडायची आणि तिच्यात पोह्यासारखे चपटे ठोकलेले लोखंडाचे छोटे तुकडे ओळीने बसवायचे, की झाली धार. पण भट्टी नाही, झाडं नाहीत, सरपण नाही. मग लोखंड आलं कुठून? किनाऱ्याजवळच्या एका खडकातून, असं उत्तर मिळालं. रॉस काही त्या जागी पोहोचू शकला नाही, पण सुरे मात्र लंडनला आले. विल्यम वॉलस्टन या रसायनशास्त्रज्ञाने ते तपासले, तेव्हा लोखंडात तीन ते चार टक्के निकेल निघालं. आजच्या मोजणीनुसार ते प्रत्यक्षात आठ टक्क्यांच्या आसपास आहे. भट्टीतून काढलेल्या त्या काळच्या साध्या लोखंडात एवढं निकेल नसतं, उल्कांमध्ये असतं.

अर्थात नुसत्या निकेलवर विसंबून चालत नाही. ग्रीनलंडच्याच डिस्को बेटावर १८७० मध्ये नॉर्डेनशोल्ड या संशोधकाला लोखंडाचे मोठमोठे गोळे सापडले. ती उल्काच, असं त्याने ठरवूनही टाकलं. ते निघाले पृथ्वीच्या पोटातले, बसाल्टबरोबर वर आलेले! इनुघुइतांच्या सुऱ्यांचं लोखंड ज्या किनाऱ्यावरचं, त्या केप यॉर्कच्या लोखंडाचा उगम मात्र पक्का आहे. त्याचा घासलेला पृष्ठभाग आम्लात बुडवला की एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. लाखो वर्षं अतिशय संथ गतीने थंड होत गेलेल्या, म्हणजे अवकाशातून आलेल्या लोखंडात ती तयार होते.

लोखंड वितळायला दीड हजार अंशांच्या वर तापमान लागतं. सीलच्या चरबीवर जळणाऱ्या दिव्याचं ते काम नव्हे. म्हणून हे लोक लोखंड थंडच ठोकत. त्यासाठी हातोडे बसाल्टच्या दगडांचे आणि तेही लांबून वाहून आणलेले. उल्केच्या एका तुकड्याभोवती असे हजारो दगड पडलेले सापडले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला हा कारखानाच म्हणायचा.

सॅक्यूसने या भेटीचं चित्रही काढलं. त्यात झूल-झालरीच्या गणवेशातले अधिकारी आहेत, आरशात स्वतःला न्याहाळणारे इनुघुइत आहेत आणि मध्यस्थ म्हणून सॅक्यूस स्वतः. रॉसच्या प्रवासवर्णनात ते छापलं गेलं. १८१९ च्या सुरुवातीला एडिंबरात आजारपणाने सॅक्यूस गेला, ऐन विशीत.

उल्केची जागा १८९४ मध्ये स्थानिक वाटाड्याने रॉबर्ट पिअरी या अमेरिकन ध्रुव-संशोधकाला दाखवली. पिअरीने दोन तुकडे पुढच्याच वर्षी उचलले आणि १८९७ मध्ये ३१ टनांचा सर्वांत मोठा तुकडा जहाजावर चढवला. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीने त्यांच्यासाठी ४०,००० डॉलर मोजले. इनुघुइतांना आता व्यापारातून लोखंड मिळतं, त्यांना दगडाची गरज उरलेली नाही, हे त्यावरचं समर्थन. १९६३ मध्ये त्याच भागात २० टनांचा आणखी एक तुकडा सापडला. तो गेला डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला.